नियंत्रित गट

गोपाळकृष्ण बेहेरे यांनी एकतीस वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवले होते आणि त्या एकतीस वर्षांत एकाही गोष्टीवर ती मोजून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवला नव्हता. शिक्षककक्षातले घड्याळ तीन मिनिटे मागे पडते, हे त्यांनी पंधरा दिवस नोंदी ठेवून मुख्याध्यापिकांना लेखी कळवले होते. घड्याळ दुरुस्त झाले नाही. मात्र त्या दिवसापासून जो तो शिक्षक तासाला तीन मिनिटे उशिरा जाऊ लागला आणि कुणी हटकले, तर बेहेरे सरांच्या नोंदीचा हवाला देऊ लागला. यातून सरांनी काही धडा घ्यायला हवा होता. त्यांनी फक्त आपले मनगटी घड्याळ बरोबर आहे ना, ते पाहिले.

दोन हजार बाराच्या जूनमध्ये कोथरूडच्या त्यांच्या शाळेला दृक्श्राव्य कक्ष मिळाला. शाळा मराठी माध्यमाची. आसपासच्या सोसायट्यांतली मुले केव्हाच इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसमध्ये बसून निघून गेली होती. इथे येत ती केळेवाडीची, सुतारदऱ्याची, टेकडीच्या उतारावरच्या वस्त्यांतली. कक्षाला काळे पडदे होते, छताला प्रोजेक्टर होता आणि इंग्रजीचे चाळीस पाठ भरलेला एक संगणक होता. पाठांत रोहन नावाचा एक गोरा मुलगा आपल्या कुटुंबासह विमानतळावर जाई, हॉटेलात जाई, संग्रहालयात जाई आणि प्रत्येक ठिकाणी अत्यंत नम्रपणे प्रश्न विचारी.

हा कक्ष दिला होता संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब शेडगे यांनी. ज्या जमिनीत त्यांच्या आजोबांनी ज्वारी काढली तिथे आता चार इमारती उभ्या होत्या आणि चारींचीही नावे इंग्रजी होती. उद्घाटनाला ते अगदी मनापासून बोलले.

"मी नववीला तीनदा बसलो. गणितात पास, शास्त्रात पास. इंग्रजीनं घात केला. आमच्या मास्तरला तरी कुठं येत होतं? तो आम्हाला मारायचा, आन् आम्ही त्याला मनातनं. आता मास्तर चुकंल, पण ही मशीन चुकायची नाय."

टाळ्या झाल्या. टाळ्यांत शिक्षकही होते.

संस्थेच्या पाच शाळा होत्या आणि पाचही ठिकाणी असे कक्ष करायचे घाटत होते. पण कार्यकारिणीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्याने शंका काढली, की आधी एका शाळेत उपयोग होतो का ते पाहावे. मुख्याध्यापिका आनंदी रहाळकर यांनी ते काम साहजिकच बेहेरे सरांकडे दिले.

"आकडे आपण पाहा, सर," त्या म्हणाल्या. "फक्त फार ताणू नका."

"आकडे ताणले जात नाहीत, मॅडम. ताणली जातात ती माणसं."

"तेच म्हणते मी."

सरांनी दोन अटी घातल्या. नववीची ब्याऐंशी मुले चिठ्ठ्या टाकून दोन तुकड्यांत वाटायची; हुशार इकडे आणि ढ तिकडे असे काही नाही. अ तुकडी इंग्रजीचे आठवड्याचे सहाही तास कक्षात बसेल. तो प्रायोगिक गट. ब तुकडीला नेहमीप्रमाणे वर्गात बाई शिकवतील. तो नियंत्रित गट, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तो. दुसरी अट अशी, की वर्षाच्या मध्यात परीक्षा होईल आणि तिचा जो निकाल लागेल तो तसाच्या तसा लिहिला जाईल. दोन्ही अटी मान्य झाल्या, कारण त्यांत हरकत घेण्यासारखे काही आहे असे कुणालाच वाटले नाही.

चिठ्ठ्या पटांगणात काढल्या. ज्यांना अ मिळाला ती मुले नाचली. दुसऱ्याच दिवशी मुक्ताबाई नावाची एक आई धुणीभांडी आटोपून थेट शाळेत आली आणि बेहेरे सरांसमोर उभी राहिली. तिची मुलगी मैना ब तुकडीत गेली होती.

"सगळ्यांना टीव्ही, मग आमच्याच पोरीला का नाय?"

"अहो, अर्ध्या मुलांना नाही. चिठ्ठी टाकून ठरवलं."

"आमची चिठ्ठी नेहमी अशीच निघती," मुक्ताबाई म्हणाली आणि गेली.

ब तुकडीला शिकवणाऱ्या सुनीती खांबेटे बाई बावीस वर्षे याच शाळेत इंग्रजी शिकवत होत्या. त्यांच्या तासाला पहिली पंधरा मिनिटे पुस्तक उघडत नसे. बाई एखाद्या मुलाला त्याच्या घरचे काहीतरी इंग्रजीत विचारीत आणि तो जे मोडकेतोडके बोलेल त्यातूनच पुढचा प्रश्न काढीत. मूल अडले की त्या थांबत. सर एकदा फळ्यावरची आकृती पुसायला डस्टर मागायला त्यांच्या वर्गावर गेले होते, तेव्हा एक मुलगा उभा होता, बाई त्याच्याकडे पाहत होत्या आणि सगळा वर्ग गप्प होता. सर डस्टर घेऊन परत आले, आकृती पुसली, डस्टर द्यायला पुन्हा गेले; मुलगा तेव्हा कुठे बोलायला लागला होता.

प्रयोग सुरू होण्याआधी बाई शिक्षककक्षात सरांच्या टेबलाशी आल्या.

"बेहेरे सर, व्हिडिओ जिंकला तर पुढच्या जूनपासून नववी-दहावीचं इंग्रजी पूर्ण कक्षात जाणार, हे आपल्याला माहीत आहे ना?"

"ऐकलं."

"आणि मी पाचवीला कार्यानुभव शिकवणार. कागदकाम, काथ्याकाम. रहाळकर मॅडमनी सांगितलं, अगदी गोड शब्दांत."

"मग?"

"मग काही नाही. आपण खरं मोजणार ना, एवढंच विचारायचं होतं."

"खोटं मोजता येत नाही, बाई. त्याला मोजणं म्हणत नाहीत."

"बरं वाटलं ऐकून. बावीस वर्षांत मला कुणी मोजलं नाही. निकालाची टक्केवारी मोजतात, ती निराळी. दहावीला पाठ केलेला निबंध लिहिला तरी टक्का वाढतो. माझा हा वर्ग जाऊ नये असं मला वाटतं, सर. नोकरी जाणार नाहीये. वर्ग जाणार आहे. दोन्हींत फरक आहे, हे आपल्याला सांगायला नको."

सरांना तो फरक कळत होता. त्यांनी त्याच क्षणी ठरवले, की हा वर्ग वाचवायचा आणि तो आकड्यांनी वाचवायचा. बाजू घेण्याची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी आपल्या या निश्चयालाही काटेकोरपणाच म्हटले.

ऑक्टोबरात तोंडी परीक्षा झाली. प्रश्न पाठांबरोबरच आलेल्या संचातले, वीस गुणांचे. अ तुकडीची सरासरी सोळा पूर्णांक नऊ, ब तुकडीची अकरा पूर्णांक तीन. रहाळकर मॅडमनी शिक्षककक्षात आंबा बर्फी वाटली. खांबेटे बाईंनीही एक तुकडा घेतला आणि चांगली आहे म्हणाल्या.

सरांनी बर्फी घेतली नाही. ते गुणांच्या यादीकडे पाहत होते. ब तुकडीत कुणाला तीन होते, कुणाला अठरा, मधे सगळीकडे माणसे विखुरलेली. अ तुकडीत मात्र एक्केचाळीसपैकी छत्तीस मुलांना सोळा, सतरा किंवा अठरा. चिठ्ठ्या टाकून निवडलेली एक्केचाळीस मुले एकदम इतकी सारखी कशी झाली? कारखान्यातून आलेल्या स्क्रूंचे माप इतके सारखे आले, तर सरांनी कारखान्याचे कौतुक केले असते. मुलांचे आले, तेव्हा त्यांना शंका आली.

दुसऱ्या दिवशी ते कक्षात मागच्या बाकावर जाऊन बसले. कक्षात शिक्षक नव्हता. त्याची गरज नव्हती. शाळेचे शिपाई दत्तोबा संगणकाशी स्टूल टाकून बसले होते आणि गरज पडेल तेव्हा एक बटण दाबत होते. पडद्यावर रोहन विमानतळावर उभा होता. एक बाई त्याला प्रश्न विचारीत, मग उत्तरासाठी जागा सोडलेली असे आणि त्या जागेत एक्केचाळीस मुले एका सुरात उत्तर देत. अंधारात सरांना पडद्याच्या उजेडात मुलांचे ओठ दिसत होते. ते रोहनच्या आधी हलत होते. पुढे पुढे तर त्या बाईंचा प्रश्न पुरा होण्याआधीच हलत होते.

"दत्तोबा, हा पाठ कितव्यांदा?"

"अकराव्यांदा, सर. सतरावा जरा कच्चा हाय पोरांचा, तो आणखी लावतो. पाढ्यांसारखं हाय बघा. म्हणत राहिलं की बसतं."

"कुणी सांगितलं असं?"

"सांगायचं काय त्यात? आमचं शिक्षण तसंच झालं की. माझंबी बसलंय. म्हणून दाखवू?"

आणि दत्तोबांनी, ज्यांची शाळा चौथीत सुटली होती, विमानतळाचा सबंध संवाद दोन्ही बाजूंनी म्हणून दाखवला. उच्चारांत खोट काढायला जागा नव्हती. सरांनी त्यांना तिथेच ऑक्टोबरची परीक्षा क्रमाने घेऊन पाहिली. दत्तोबांना वीसपैकी एकोणीस गुण मिळाले. मग सरांनी तेच प्रश्न उलट्या क्रमाने विचारले. दत्तोबा पहिल्याच प्रश्नाला अडले, डोके खाजवले आणि म्हणाले, "सर, तुम्ही मधनंच घुसलात. पहिल्यापास्नं लावा."

सरांना इतका निर्मळ आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. अहवालात दत्तोबांचे गुण त्यांनी तळटीपेत दिले.

दुसरी परीक्षा त्यांनी स्वतः रचली आणि तिच्यात एकही पळवाट ठेवली नाही. प्रश्न पाठांतले नव्हते. परीक्षा घ्यायला त्यांनी आपली पुतणी नीरजा हिला बोलावले. ती एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होती आणि कोणते मूल कोणत्या तुकडीतले, हे तिला सांगितलेले नव्हते. मुले एकेक करून प्रयोगशाळेत आली. सर पडद्यामागे बसून ध्वनिमुद्रण करत होते.

एक मुलगी आली. तिचे वडील सरांच्याच सोसायटीत रखवालदार होते, त्यामुळे सर तिला ओळखत होते. नीरजाने तिला विचारले, घरी कोण कोण असते. मुलगी ताठ उभी राहिली आणि स्वच्छ उच्चारांत म्हणाली, "माय फादर इज ॲन इंजिनिअर. वी आर गोइंग टू द एअरपोर्ट टू रिसीव्ह अवर अंकल." नीरजाने प्रश्न बदलून विचारला. मुलीने काकांचे सामानही आणले.

काही वेळाने मैना आली. नीरजाने विचारले, या आठवड्यात राग कशाचा आला.

मैना बराच वेळ छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "टँकर. टँकर कम फाइव्ह ओक्लॉक. माय मदर गो वर्क. आय स्टँड. वन आंटी पुट हर पॉट फर्स्ट. आय से, नो, धिस माय नंबर. शी से, यू स्मॉल." इथे ती थांबली. शब्द शोधत होती, आणि तो सापडेपर्यंत हलायची तिची तयारी नव्हती. "आय से, स्मॉल पीपल ऑल्सो ड्रिंक."

नीरजाला हसू आवरेना. तिने ध्वनिमुद्रण थांबवायची खूण केली. सरांनी ते थांबवले नाही.

निकाल, वीसपैकी: अ तुकडी चार पूर्णांक एक, ब तुकडी बारा पूर्णांक सहा.

अहवाल छत्तीस पानांचा झाला. त्यात सारण्या होत्या, आलेख होते, प्रश्नांची यादी होती आणि शेवटी निष्कर्ष होता. यंत्र कमी पडले एवढेच लिहून सर थांबले असते तर तो अर्धाच निष्कर्ष झाला असता. ब तुकडी का पुढे गेली, हेही सांगायला हवे होते. म्हणून त्यांनी खांबेटे बाईंच्या तासाला आठ दिवस बसून टिपणे काढली आणि कारणे शोधून लिहिली: मुलांच्या रोजच्या जगण्यातले प्रश्न, साधे शब्द, चुकीला न हसणे, हळू आणि स्पष्ट बोलणे, उत्तरासाठी वेळ देणे. 'परिणाम घडवणारा घटक हा श्रीमती खांबेटे यांची अध्यापनपद्धती होय,' असे वाक्य त्यांनी अधोरेखित केले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी अहवालात काही अधोरेखित केले होते.

डिसेंबरच्या सभेला त्यांना बोलावले गेले. खांबेटे बाईही एका खुर्चीवर कडेला बसल्या होत्या. सर चाळीस मिनिटे बोलले. आप्पासाहेबांनी मधे एकदाही मोबाइल पाहिला नाही. दत्तोबांची तळटीप आली तेव्हा ते मोठ्याने हसले आणि मग एकदम गंभीर झाले.

"म्हंजे मशीन नापास."

"यंत्र नापास नाही, आप्पासाहेब. ते शिकवतच नव्हतं. ते पाठ करून घेत होतं."

"आमच्या मास्तरसारखं."

"तंतोतंत."

आप्पासाहेबांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटले होते आणि ते त्यांनी लपवले नाही. "आन् ह्या बाई पास."

"निर्विवाद."

"बाई, तुम्ही मला नववीला असता तर मी कुठल्या कुठं असतो." ते खांबेटे बाईंकडे वळून हात जोडून म्हणाले. मग पुन्हा सरांकडे वळले. "सर, आता मला एक सांगा. हे हितं झालं. कात्रजला होईल? विश्रांतवाडीला होईल?"

पुढे कितीतरी दिवस सर या क्षणाकडे परत परत येत राहिले. प्रश्न शास्त्रीय होता. जो निकाल दुसऱ्या जागी पुन्हा मिळत नाही, तो निकाल नव्हे, हे त्यांनी एकतीस वर्षे आठवीच्या पहिल्या तासाला सांगितले होते. नाही म्हणावे, तर बाईंचे यश योगायोग ठरत होते. त्यांनी सरळ उत्तर दिले.

"बाईंसारखं शिकवलं, तर कुठेही होईल."

"नक्की?"

"नक्की."

आप्पासाहेबांनी टेबलावर हात ठेवला. "मग झालं की. त्या गोऱ्या पोराचा व्हिडिओ टाका भंगारात. बाईंचा व्हिडिओ करू. मशीन हायेच, खोल्या हायेत. एका बाईचा फायदा एकाच वर्गाला कशापायी? पाच शाळांतली पोरं काय पाप करून आल्यात?"

सभेत समाधानाची एक लाट उठली. निवृत्त अधिकारी म्हणाले, हाच खरा संशोधनाचा उपयोग. रहाळकर मॅडम लिहून घेऊ लागल्या. सरांना प्रथम काही कळलेच नाही. मग एकदम सगळे कळले.

"तसं नाही, आप्पासाहेब. बाईंसारखं म्हणजे… बाई समोर असायला हव्यात."

"समोरच असतील. चांगल्या आठ फुटी."

"त्या मुलांचं ऐकतात. ऐकून मग पुढचं विचारतात."

"सर," रहाळकर मॅडम कागदावरून नजर न उचलता म्हणाल्या, "पान एकोणतीस. आपण पाच कारणं दिली आहेत. साधे शब्द, स्पष्ट बोलणं, उत्तराला वेळ. ऐकणं हे त्यात नाही."

सरांनी पान एकोणतीस काढले. खरेच नव्हते. आठ दिवस वर्गात बसून त्यांनी बाई काय करतात ते लिहिले होते. ऐकताना बाई काहीच करत नसत. नुसत्या उभ्या असत. त्यामुळे नोंद करण्यासारखे काही दिसले नव्हते.

त्यांनी खांबेटे बाईंकडे पाहिले. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

सरांनी चार पानी पुरवणी लिहिली. मॅडमनी ती वाचली, तिच्यावर आवक क्रमांक एकशे सतरा टाकला आणि फाइलला लावली. जानेवारीत सभेचे इतिवृत्त सहीसाठी आले. त्यात लिहिले होते: 'सदर पद्धती अन्य शाळांतही निश्चितपणे यशस्वी होईल, असे श्री. बेहेरे यांनी सभेस सांगितले.' सरांनी ते दोनदा वाचले. ते तसे बोलले होते. त्यांनी सही केली.

"बाई, आपण नकार द्या," त्या दिवशी ते खांबेटे बाईंना म्हणाले.

"कारण काय लिहू? माझी पद्धत चांगली आहे, म्हणून?"

"व्हिडिओत ती राहणार नाही, असं लिहा."

"ते मोजलंय का कुणी?" बाई म्हणाल्या. मग त्यांचा सूर जरा खाली आला. "सर, कात्रजच्या शाळेत इंग्रजीला दोन वर्षं शिक्षक नाही. तिथल्या मुलांना काहीच नसण्यापेक्षा मी पडद्यावर बरी, असं आप्पासाहेब मला म्हणाले. घरी येऊन म्हणाले. याला उत्तर मला सापडलं नाही. आपल्याला सापडलं तर सांगा."



चित्रीकरण एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर कक्षातच झाले. भिंतीवर हिरवे कापड लावले होते. सरांना शास्त्रीय सल्लागार म्हणून बोलावले होते, म्हणजे खुर्ची दिली होती. दिग्दर्शक सव्वीस वर्षांचा, हसतमुख मुलगा होता.

"मॅम, इथे क्वेश्चन विचारला की एक पॉज द्या. मग आन्सर तुम्हीच सांगा."

"मी वर्गात उत्तर सांगत नाही. मूल सांगतं."

"हो, पण मॅम, इथे मूल नाहीये ना. नुसता पॉज ठेवला तर डेड वाटतं. बघणाऱ्याला वाटतं व्हिडिओ हँग झाला."

"किती थांबू?"

"चार सेकंद. मॅक्स."

बाई सरांकडे वळल्या. "सर, आपल्या टिपणांत सरासरी असेल. मी वर्गात किती थांबते?"

ते मात्र त्यांनी मोजले होते. "एकोणीस सेकंद," सर म्हणाले. "सर्वांत जास्त, दोन मिनिटं दहा."

"मॅम, दोन मिनिटांत तर आमचा एपिसोड संपतो," दिग्दर्शक म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात कुचेष्टा अजिबात नव्हती.

बाई चार सेकंद थांबायला शिकल्या. त्या चांगल्या शिक्षिका होत्या, त्यामुळे लवकर शिकल्या. अठरा दिवसांत तीस पाठ झाले. शेवटच्या दिवशी मेकअप पुसत त्या सरांना म्हणाल्या, "अहवालात चूक नाही, बेहेरे सर. मी तीनदा वाचला. चूक असती तर राग तरी धरता आला असता."

जूनमध्ये सर आप्पासाहेबांना जाऊन भेटले. नव्या पाठांचीही तुलना व्हायला हवी, तेव्हा निदान एक तुकडी बाईंकडे प्रत्यक्ष राहू द्यावी, अशी त्यांनी विनंती केली. आप्पासाहेबांनी चहा मागवला, सरांच्या हातात अहवालाची सोनेरी अक्षरांत बांधलेली प्रत ठेवली आणि समजुतीने म्हणाले, "सर, सिद्ध तर तुम्हीच केलं. आता परत काय सिद्ध करायचं? तुलना करायला बाईच्या समोर बाईच उभी करायची का?"

वेळापत्रक लागले. नववी आणि दहावीच्या चारही तुकड्यांचे इंग्रजी कक्षात गेले. खांबेटे बाईंकडे पाचवीचा कार्यानुभव आला.

ऑगस्टात एका दुपारी मधल्या सुट्टीनंतर सर प्रयोगशाळेच्या दारात उभे होते. जिन्यावरून खांबेटे बाई रंगीत कागदांच्या गुंडाळ्या घेऊन येत होत्या. समोरून दहावीची मुले कक्षातून बाहेर पडत होती. त्यांत मैना होती. बाईंना पाहून ती थांबली आणि हसली. बाईंनीही गुंडाळ्या कठड्यावर टेकवल्या आणि इंग्रजीत विचारले, "मैना, हाऊ इज युवर मदर?"

मैना काही बोलली नाही.

बाई थांबल्या. सवयीने सरांची नजर मनगटी घड्याळावर गेली. चार सेकंद झाले. दहा झाले. मैनाच्या चेहऱ्यावर अडल्याची, शोधत असल्याची कोणतीच खूण नव्हती. ती छताकडेही पाहत नव्हती. ती शांतपणे, आदराने बाईंच्या तोंडाकडे पाहत होती. एकोणीस झाले. मागची मुले बाजूने वाट काढून पुढे गेली. चाळीस झाले.

"अगं, बोल ना," बाई शेवटी मराठीत म्हणाल्या. "मी थांबलेय."

मैनाला नवल वाटले. बाईच विसरल्या असाव्यात, अशा समजूतदार आवाजात ती म्हणाली, "बाई, आता उत्तर तुम्ही सांगायचं असतं."